ताईचं रडणं राहून गेलं

आमच्या सटाण्याकडच्या गावात माणूस गेलं की बायका नुसत्या रडत नाहीत, सांगतात. हेल काढून, अहिराणीत, गेलेल्याच्या जन्मापासून शेवटच्या दिवसापर्यंत. कुणी लाड केले, कुणी छळलं, कुणी वेळेवर औषध आणलं नाही, सगळं त्या रडण्यात येतं आणि जमलेलं गाव ते मुकाट ऐकतं. रडण्यात बोललेल्याचा राग धरायचा नाही, असा नियमच आहे. एरवी सासऱ्यासमोर तोंड न उघडणारी बाई त्या एका दिवशी त्याचं सगळं काढू शकते, आणि त्याने मान खाली घालून ऐकून घ्यायचं असतं.

माझी आई यात पटाईत होती. आसपासच्या गावांत मयत झाली की ती पोचेपर्यंत बाकीच्या बायका हात राखून रडायच्या. एका घरातल्या म्हातारीला शेवटची वर्षं गोठ्याच्या पडवीत काढावी लागली होती. गावाला कुणकुण होती, पण बोलणार कोण? आईने दारातच सुरुवात केली. पडवी, फाटकी गोधडी, ताटात पडणारं शिळं, काही म्हणून सोडलं नाही. म्हातारीचा मुलगा समोर बसून ऐकत होता. नंतर त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही, पण त्याच्या ओट्यावर बसायला जाणंही लोकांनी बंद केलं.

मी नाशिकला एका शाळेत मराठी शिकवते. मराठी भाषा दिनाला आमच्याकडे बोलीभाषांच्या जतनावर भाषण होतं. वक्त्याला शाल आणि नारळ मिळतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि पुढच्याच तासाला कुणी 'नाय' म्हटलं की त्याला 'नाही' म्हणायला लावायचं काम माझं असतं. त्यासाठीच तर मला पगार मिळतो.

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, नाशिकरोडला दिलं होतं. सासरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, कॉलनीत मान असलेले. नवरा सरळ होता, म्हणजे वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हता. माणसं मारझोड करणारी नव्हती, हे मी आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच सोपं जाईल. पाहुण्यांसमोर सासूबाई हसत म्हणायच्या, "आमच्या सूनबाई अजून मराठी शिकतायत हं!" ताईही हसायची. वर्षभरात ती त्यांच्यासारखं बोलायला लागली, इतकं की फोनवर मला ती कुणी परकीच वाटायची. "मजेत आहोत सगळे. तुझं काय?" यापलीकडे तिच्याकडून मला कधी काही मिळालं नाही.

आईला मात्र सगळं मिळायचं. दुपारी घर झोपलं की ताई गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभी राहायची आणि आईशी अहिराणीत बोलायची. त्या घरात ते कुणाला कळत नव्हतं. कळलं असतं तर बोलली नसती. म्हणजे तिच्या संसाराची खरी हकिकत फक्त अहिराणीत होती आणि ती फक्त आईजवळ होती. वडील आधीच गेलेले, भाऊ आम्हाला नाही. आई मला त्यातलं थोडंथोडं सांगायची आणि म्हणायची, तू रागीट शे, तुले बाकी नही सांगस.

त्या वर्षी पावसाळा सरताना ताईला ताप भरला. घरात धाकट्या दिराचा साखरपुडा ठरलेला. तिने आईला फोन केला. "माय, माले गह्यरा ताप शे. पन घरमा कार्यक्रम शे, कोनले सांगू?" कोनले सांगू, असं तिने विचारलं हे आईने मला नंतर कितीतरी वेळा सांगितलं. घरात सांगितलं तिने बहुधा होतंच. तापाची गोळी मिळाली आणि 'कार्यक्रम उरकू दे, मग दवाखान्यात जाऊ' असं उत्तर मिळालं. तिने पोळ्या केल्या, पाहुण्यांना वाढलं, भरजरी साडी नेसून फोटोत उभी राहिली. त्या फोटोत तिचे डोळे लाल आहेत. पाहुणे गेल्यावर तिला दवाखान्यात नेलं तेव्हा डेंग्यू पार अंगात भिनला होता. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. ताई गेली. मृत्यूच्या कागदावर आजाराचं नाव लागलं. उशिराला कागदावर रकाना नसतो.

आई गावातल्या बायकांना घेऊन जीपने आली. बिल्डिंगच्या फाटकाशी उतरल्या उतरल्या तिने सुरू केलं. "मन्ही आंडेर वं माय..." माझी लेक गं. बाकीच्या बायकांनी तिच्या गळ्यात हात टाकले. ती एकेक पायरी चढत सांगत होती, आणि जिन्यातच ताईच्या शेवटाला आली, कारण तिला धीर नव्हता. "तापमा पडेल व्हती वं, तिले दवाखानामा का बरं नही लई ग्यात?" वरच्या मजल्यांवरून लोक वाकून बघत होते. शब्द कळत नसले तरी 'दवाखाना' सगळ्यांना कळला.

ताईचे सासरे हात जोडून समोर आले. "विहीणबाई, शांत व्हा. सोसायटी आहे, लहान मुलं घाबरतात." मग दुसऱ्या मजल्यावरचे एक डॉक्टर आले, त्यांनी आईचा दंड धरला, बीपी फार वाढलंय म्हणाले आणि इंजेक्शन दिलं. शेजारच्या फ्लॅटमध्ये तिला आडवं केलं. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्यासमोर एक बाई ओरडत होती आणि त्यांच्याजवळ तिला गप्प करायचं औषध होतं. बरोबरच्या बायका आईशिवाय गांगरल्या आणि तोंडात पदर धरून जिन्यात बसून राहिल्या.

मी सासऱ्यांना विचारलं, "रडूसुद्धा देणार नाही का तुम्ही?"

"तुम्ही शिकलेल्या आहात," ते म्हणाले, "निदान तुम्हाला तरी समजायला हवं."

आई जागी झाली तेव्हा घर धुवून झालं होतं. "लई ग्यात का तिले?" नेलं का तिला, तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "दहावाले सांगसू. माईकवर सांगसू." दहाव्याला सांगेन. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवसांत तेवढ्याचाच आधार होता.

दशक्रिया दसकच्या घाटावर झाली. ताईचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स, त्यावर घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं. कावळा लगेच शिवला. त्या घाटावरचे कावळे रोज जेवून तयार असतात, पण लोक म्हणाले, बघा, काही इच्छा राहिली नव्हती माउलीची. महाराजांचं प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं. एक माजी नगरसेवक, एका पतसंस्थेचे चेअरमन, ज्येष्ठ नागरिक संघाचे कुणी. ज्यांनी ताईला कधी पाहिलंही नव्हतं त्यांनी तिचं आयुष्य सांगितलं. ती हसतमुख होती, अन्नपूर्णा होती, शेवटच्या क्षणापर्यंत घरासाठी झटली. हे शेवटचं तर खरंच होतं.

आमच्याकडे रडताना बायका सांगतात आणि पुरुष ऐकतात. घाटावर पुरुष सांगत होते आणि बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. मी उठून सूत्रसंचालकाकडे गेले आणि म्हणाले, आईला बोलायचंय. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? त्यांनी मान हलवली. आणि ताईच्या लेकीला, माझ्या भाचीला, जवळ ओढून मांडीवर घेतलं. ती तेव्हा पहिलीत होती. सकाळीच ते आईला म्हणाले होते, "दिवाळीत हिला आजोळी पाठवायचं का, ते बघू. तुमचं मन किती शांत होतंय त्यावर आहे."

आई माईकसमोर उभी राहिली. माईक किंचाळला, ती दचकली. "मन्ही आंडेर..." तिने सुरुवात केली. मागच्या खुर्च्यांवरची दोन पोरं एकमेकांकडे बघून हसली. पण आई त्यांना पाहून थांबली नाही, हे मी शपथेवर सांगेन. ती नातीला पाहून थांबली. पोरगी आजोबांच्या शर्टाच्या गुंडीशी खेळत होती. मग आईच्या तोंडून मी आयुष्यात कधी न ऐकलेली मराठी बाहेर पडली. माझ्या वर्गातल्या मुलांच्या निबंधासारखी, स्वच्छ.

"माझ्या मुलीला सासरी काही कमी नव्हतं. त्यांनी तिला लेकीसारखं वागवलं. मी सगळ्यांची आभारी आहे."

सगळी वाक्यं तिने आधीच्या भाषणांतून उचलली होती. त्या भाषेत तिच्यापाशी दुसरी नव्हतीच. सासऱ्यांनी डोळे पुसले. ते डोळे खरेच ओले होते, त्याची मला जास्त चीड आली. कुणीतरी आईचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरलं, हात जोडलेल्या खुणांसकट.

परतताना मी जीपमध्ये आईशेजारी होते. पिंपळगावचा टोलनाका मागे पडला. मग तिच्याच वयाची एक बाई, जिच्या आईसाठी माझी आई एकदा दुपारभर रडली होती, म्हणाली, "हाई काय करं वं तू?" हे काय केलंस गं? आई खिडकीबाहेर कांद्याच्या चाळी बघत राहिली.

त्यानंतर गावात मयती झाल्या. आई जायची, बसायची. पण तिच्यासाठी आता कुणी थांबत नव्हतं. जिने स्वतःच्या लेकीचं सांगितलं नाही ती आमचं काय खरं सांगणार, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण मागे म्हणत होते. गावात तिची ओळख शेताने नव्हती की सोन्याने. माणूस गेल्यावर त्याचं खरं सांगणारी बाई, एवढीच होती. ती ओळख गेली. दिवाळी येईपर्यंत आई मयतीला जायचीच बंद झाली.

दिवाळीत भाची आली. सासऱ्यांनी शब्द पाळला. मीही गावी होते. दुपारी आईने तिला समोर पाटावर बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि काही न सांगता सुरू केलं. पूर्वीसारखं, हेल काढून. ताईचा जन्म, तिचं पहिलं परकर-पोलकं, शाळेतून येताना चिंचा पाडणं. मग नाशिकरोडची गॅलरी. मला कधी न सांगितलेलं सगळं. जेवायला शेवटी बसणं, माहेरच्या फोनवरून ऐकावी लागणारी बोलणी, त्या तापातल्या पोळ्या, ती भरजरी साडी, दवाखान्यात नेताना जिन्यात तिने धरलेला कठडा. इतकं नीट, इतकं पूर्ण रडणं मी तिचंही कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या घरांतून कुणी आलं नाही.

भाची आधी घाबरली. मग गोंधळली. मग पाटावरून उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आजी काय म्हणतेय? मला काहीच कळत नाहीये."

आई थांबली. पदराने तोंड पुसून तिने माझ्याकडे पाहिलं. "सांग तिले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचीला न्यायला गाडी येणार होती. आजोळी काय खाल्लं, काय खेळली, कोण काय बोललं, हे ती घरी गेल्या गेल्या आजोबांच्या मांडीवर बसून सांगणार होती. तिची तशी सवयच होती. आणि मग पुढच्या दिवाळीत ती आली नसती, त्याच्या पुढच्याही नाही. मी मराठीची शिक्षिका. शब्द शोधायला मला वेळ लागला नाही.

"आजीला तुझ्या आईची आठवण येते," मी म्हणाले, "म्हणून रडतेय."

"एवढंच?"

"एवढंच."

आईला मराठी चांगली समजते. ती हातावर रेटा देऊन उठली, आत गेली, आणि ताईच्या सासरी पाठवायचा फराळ डब्यांत भरायला लागली.