हँडब्रेक ओढलेला होता

नाशिकमध्ये हे कुणालाच माहीत नाही. भावाला नाही, कॉलेजातल्या सहकाऱ्यांना नाही. आईला तर नाहीच — ती गेली तेव्हा तिच्या समजुतीप्रमाणे तिची लेक परदेशात गोरगरिबांना न्याय मिळवून देत होती. हे मी सांगायला बसले आहे, पण एक आधीच बोलून ठेवते. मला समजून घ्यायला येऊ नका. समजून घेणारी माणसं मला खूप भेटली आहेत आणि मला त्यांचा कंटाळा आला आहे.

मी इथल्या एका लॉ कॉलेजात शिकवते. त्याआधी नाशिकच्या कोर्टात वकिली केली, आणि मधली काही वर्षं परदेशातल्या एका शांतिमोहिमेत होते. या मधल्या वर्षांवर मी आजवर जगत आले. प्रजासत्ताक दिनाला शाळा बोलावतात, शाल देतात, मुली सही मागतात. 'मॅडम, तिकडे गोळीबार व्हायचा का?' मी हसून दोन-तीन गोष्टी सांगते. ठरलेल्या. ही गोष्ट त्यांत कधीच नसते.

ज्या देशात ही मोहीम होती तिथे यादवी चालू होती आणि चार-पाच देशांच्या फौजा एकत्र येऊन शांतता राखत होत्या. देशांची नावं मी लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही तेवढंच लक्षात ठेवाल आणि म्हणाल, 'ते लोक तसेच.' नाहीत. ते आपल्यासारखेच होते.

अशा मोहिमेत एक विचित्र गोष्ट असते. छावणी एक, झेंडा एक, पण प्रत्येक देशाचा सैनिक आपापल्या सरकारलाच बांधील. त्याने गुन्हा केला तर मोहीम त्याला शिक्षा करू शकत नाही. मोहीम फक्त चौकशी करते, निष्कर्ष त्याच्या देशाला कळवते, पुढे त्या देशाची मर्जी. मग ही चौकशी कोणी करायची? सैन्यातल्या माणसाने नाही — बाहेरच्या, साध्या नागरिकाने. हातात बंदूक असलेल्याला बंदूक नसलेल्या कुणीतरी जाब विचारायचा, यासाठी ते पद होतं. त्या पदावर मी होते. एकलहरेच्या वीजकेंद्रातल्या ड्रायव्हरची मुलगी, वसाहतीच्या दोन खोल्यांत वाढलेली — केवढा अभिमान होता मला त्या पदाचा.

एका नाक्यावर गोळीबार झाला. बाजारातून परतणारी एक पिकअप, तीत सात-आठ बायका. चालवत होता इसा नावाचा तरुण. शेजारच्या सीटवर त्याची आई, मागे त्याची मोठी बहीण आमिना. त्याआधीच्या आठवड्यात स्फोटात त्या तुकडीचे दोन सैनिक गेले होते. पोरं घाबरलेली होती. नाक्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या. इसाची आई जागच्या जागी गेली.

सैनिकांचं म्हणणं — इशारा केला, गाडी थांबली नाही, अंगावर येत राहिली, गोळ्या लागल्यावर घरंगळत थांबली. इसाचं म्हणणं — गाडी पूर्ण थांबली होती, आई ओळखपत्र काढायला पिशवीत हात घालत होती.

भीतीने माणूस गोळी झाडतो हे मला कळतं. म्हणूनच तर मला तिथे नेमलं होतं ना? भीती होती की नव्हती, थांबायला सांगितलं होतं की नव्हतं, एवढंच तर शोधायचं होतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर गेले. गाडी तशीच उभी होती. तुकडीच्या अधिकाऱ्याने आपणहून सांगितलं की बाईला पलीकडच्या दाराने बाहेर काढलं तेवढंच, बाकी कुणी गाडीला हात लावलेला नाही, आत चढलेलंही नाही. आमिना रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. मी दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बाबांनी मला कॉलेजात असताना जीप शिकवली होती, त्यामुळे हात आपोआप जिथे जायचा तिथे गेला. गाडी न्यूट्रलमध्ये होती. हँडब्रेक ओढलेला होता — पूर्ण, घट्ट.

धावती गाडी घरंगळत थांबते तेव्हा हँडब्रेक कोण ओढतं? गोळ्या सुरू झाल्यावर कुणाला ते सुचतं? गाडी थांबली होती. त्या पोराने ती नीट थांबवली होती, एखाद्या सरकारी कचेरीसमोर थांबवावी तशी.

मी खाली उतरले. दार लावलं. माझ्यासोबत फोटो काढणारा माणूस होता — त्याला मी गाडी बाहेरून टिपायला सांगितली. आतून नाही.

का?

या प्रश्नाला कारणं पुरवायला मला सगळे मदत करतात. ज्या देशाची ती तुकडी होती त्याचीच हेलिकॉप्टरं मोहिमेकडे होती. आतल्या भागातल्या दवाखान्यांना औषधं त्यांतूनच जायची. 'आमच्या जवानांची बदनामी झाली तर आम्ही निघून जाऊ,' असं त्यांच्या मंत्र्यांनी आधीच ऐकवलं होतं. बाकीच्या देशांना ते निघून जायला नको होते, कारण मग त्यांना स्वतःची पोरं पाठवावी लागली असती. हे सगळं खरं आहे. मी वर्गात शिकवते ते हेच, आणि चांगलं शिकवते.

पण गाडीचं दार लावताना माझ्या डोक्यात औषधं नव्हती. मोहिमेच्या मुख्यालयात माझ्या वरची जागा रिकामी होणार होती. आमचे प्रमुख — म्हातारे, सभ्य, कधी आवाज न चढवणारे — आदल्या संध्याकाळी मला एवढंच म्हणाले होते, "तुम्ही समतोल लिहाल याची मला खात्री आहे." ना आदेश, ना धमकी. मला ती जागा हवी होती. बस, एवढंच.

आणि हेही माझं सर्वांत वाईट काम नव्हे.

आमिनाची जबानी मी तंबूत घेतली, दुभाषा बसवून. तिचा शब्द पक्का होता, आणि तो पक्का राहिला असता तर मला गप्प बसून भागलं नसतं. म्हणून मी तिला मोडलं. नाशिकच्या कोर्टात उलटतपासणीसाठी माझं नाव होतं. कसलेल्या साक्षीदारांना मी घाम फोडलेला आहे. ती हातोटी मी त्या बाईवर वापरली, जिच्या आईला पुरून अजून एक दिवस झाला नव्हता.

"तू मागे बसली होतीस. पुढचं दिसत होतं?"

"गाडी थांबलेली कळते," ती म्हणाली. "हादरा बसतो."

"रस्त्यात खड्डे आहेत. त्यांचाही हादरा बसतो ना?"

"बसतो."

"मग हा खड्ड्याचा नव्हता हे शपथेवर सांगशील? चुकीचं निघालं तर तुझ्या भावाला त्रास होईल."

दुभाष्याने हे शेवटचं वाक्य लगेच सांगितलं नाही. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मग त्याने सांगितलं.  आमिना म्हणाली, "मला नक्की माहीत नाही."

मी ते लिहून घेतलं. माझं अक्षर तेव्हाही छान होतं.

'गाडी थांबली असल्याचा पुरावा मिळू शकला नाही. चालकाने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' ही माझी वाक्यं. कुणीही मला ती सांगितली नव्हती. त्या तुकडीने आपला मुक्काम वाढवला. मला वरची जागा मिळाली. आईने वसाहतीत पेढे वाटले.

मग वर्षं गेली. मोहीम आवरली गेली, मी नाशिकला परतले, शिकवू लागले. 'सैन्यावरील नागरी नियंत्रण' — हा माझा आवडता विषय. फळ्यावर लिहिते तेव्हा मुलं वह्या उघडतात. लाज वाटायची का? रोज नाही. खोटं कशाला बोलू, महिनोन्‌महिने आठवणही यायची नाही.

गेल्या वर्षी त्या देशातल्या एका वकील बाईंचा फोन आला. आता तिथे जरा स्थिरता आहे, नाक्यांवर मेलेल्यांच्या घरच्यांनी त्यांच्याच न्यायालयात दाद मागितली आहे. तुमचा अहवाल आमच्या विरुद्ध जातो, त्यात काही भर घालायची आहे का, असं त्यांनी विचारलं. सरळ, अदबीने. मी इसाची चौकशी केली. माझा समज होता तो गाडी चालवत असेल, लग्न झालं असेल.

अहवाल त्याच्या गावात वाचून दाखवला गेला होता. मोठ्या साहेबांनी, परदेशी लोकांनी चौकशी करून लिहिलंय म्हटल्यावर गाव काय म्हणणार? पोराने गाडी थांबवली नाही, आईला मारलं. त्याच्या गाडीत कुणी बसेना. बाकीच्या बायकांच्या घरच्यांनी बोलणं टाकलं. सख्ख्या बापाने त्याच्या हातचं पाणी पिणं बंद केलं. वर्षभराने तो घरातून गेला तो गेलाच.

माझ्यापुढे तोवर मेलेली एक बाई होती. जिवंत माणूसही मी मारलाय, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या महिन्यात मी भावाला म्हटलं की मी तिथल्या न्यायालयात साक्ष देणार आहे, कशाबद्दल ते सांगितलं नाही, फक्त एका फौजी तुकडीविरुद्ध एवढंच. भाऊ एकलहरेलाच नोकरीला आहे, बाबांच्या जागी लागलेला. तो म्हणाला, "ताई, फौजी माणसाच्या विरुद्ध कशाला जातेस? आपण त्यांच्या जिवावर निवांत झोपतो. लोक काय म्हणतील इथं?"

काय म्हणतील ते मला पाठ आहे. देशद्रोही, परदेशी पैशावरची. म्हणा. सैनिकाचा मान राखणं म्हणजे त्याला प्रश्नच न विचारणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सैनिकालाही कधी माणूस मानलेलं नाही. त्या नाक्यावरच्या घाबरलेल्या पोरांना मी वेळेवर प्रश्न विचारला असता तर पुढच्या नाक्यावर ती थांबली असती. पुढे आणखी दोन नाक्यांवर माणसं मेली. त्याच तुकडीकडून. हे मला माहीत आहे, कारण मी वरच्या जागेवर असताना ते अहवालही माझ्याच टेबलावर आले.

आणि जे हळूच येऊन म्हणतील, 'मॅडम, तुम्ही एकट्या काय करणार होता, सगळी व्यवस्थाच तशी' — त्यांनी तर येऊच नये. व्यवस्थेने तिथे एकच माणूस ठेवला होता. ती मी होते.

साक्ष झाली. पडद्यावरून, माझ्या घरातल्या टेबलाशी बसून, दुपारची. मी गाडीतलं सगळं सांगितलं. आमिनाला मी काय विचारलं आणि का विचारलं तेही. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमच्यावर दबाव होता?"

मी नाही म्हटलं.

"मग?"

"मला बढती हवी होती."

न्यायालयात मागच्या बाकावर आमिना होती. केस पांढरे झालेत. तिला बोलायचं आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. ती उभी राहिली, आणि तिच्या भाषेतून मला ऐकवलं गेलं ते असं — "तू गाडीत बसलीस तेव्हा मी रस्त्यावरून बघत होते. तुझा हात कुठे गेला ते मी पाहिलं. तुला कळलं आहे हे मला माहीत होतं. तंबूत मी वाट बघत होते तू ते बोलशील म्हणून."

मग ती खाली बसली.

निकाल यायचा आहे. इसाचा पत्ता लागलेला नाही. उद्या कॉलेजात माझा तास आहे, तिथेही हे सांगणार आहे.