चंद्रीचं जंताचं औषध

चहा घ्या, तोवर माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो. उचगावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नाही. आता ऐका, पण हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा.

साठ-सत्तरच्या मधली वर्षं. मी कोल्हापुरात हायस्कुलात सायन्स शिकवायचो आणि उचगावात राहायचो. घरी एक म्हैस होती, चंद्री. म्हैस माझी नव्हे हं, बायकोची. लग्नानंतर सासऱ्यांनी जवळच्याच मलकापूरहून धाडलेली. बायको रुसली की माझ्याशी बोलायची नाही, पण चंद्रीशी तासभर बोलायची.

एकदा बायको भावाच्या साखरपुड्याला माहेरी निघाली. एस.टी.त चढता चढता म्हणाली, "अवो, भाकड हाय म्हणून चंद्रीची आबाळ करू नका. तिला काय झालं तर मी माहेरीच ऱ्हाईन." हे ती हसत म्हणाली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी चंद्रीचं शेण पातळ दिसलं, अंगावरचे केसही राठ झालेले. जंत, दुसरं काय? गेलो जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर गरीब स्वभावाचे, हळू बोलणारे. त्यांनी हिरवट पिवळी पूड पुडीत बांधून दिली.

"पाण्यात कालवून नळकांड्यानं पाजा, मास्तर. सावकाश. आणि हे बघा, उद्या सकाळी..."

"अहो डॉक्टर, मी सायन्सचा माणूस. जंताचं सगळं जीवनचक्र दरसाल फळ्यावर काढतो."

"ते हाय हो, पण उद्या..."

"काळजी सोडा."

डॉक्टरांनी पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर मी सायकलवर टांग टाकली होती.

नळकांडं म्हणजे बांबूचा तुकडा, एका बाजूनं तिरका कापलेला. तो जनावराच्या जबड्यात सरकवायचा आणि औषध ओतायचं. शेजारच्या दगडूनानांनी मान धरली, मी ओतलं. बरंचसं तिच्या पोटात गेलं, उरलेलं माझ्या शर्टावर.

सकाळी गोठ्यात पाऊल टाकलं आणि बघतो तर काय! फरशीवर, नालीत, चंद्रीच्या शेपटीला, सगळीकडं लाल. जनावर लालभडक मुतलं होतं.

नाना धावत आले. "मास्तर, डोस जादा झाला न्हवं? आतडं तुटलं असंल."

"मापानंच दिलं की."

"कुणाच्या मापानं?"

नानांनी चंद्रीच्या डोळ्याची पापणी उलटून पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढली. झालं! टोपी काढलेली बघून समोरची म्हातारी आली, तिच्यामागून आणखी चौघी. कुणी ताक पाजा म्हणालं, कुणी लिंबू उतरा म्हणालं, एकीनं तर पुरायला जागा कुठं बघितलीय ते विचारलं. चंद्री आपली कडबा खात उभी. "जातेवेळी खातंय जनावर," नाना म्हणाले, आणि मला, सायन्सच्या माणसाला, ते पटलं.

तडक डॉक्टरांकडं जायला हवं होतं, मान्य. पण काल एवढा तोरा मिरवून आलेलो, कुठल्या तोंडानं जाणार? मी गेलो तार करायला. 'म्हैस शेवटच्या घटकेला. ताबडतोब निघा.' निदान बायकोनं तिचं तोंड तरी बघावं.

दुपारी दारात जीप थांबली. साखरपुडा अर्ध्यावर टाकून बायको आली, सासरे आले, आणि नवऱ्या मुलीचे वडीलसुद्धा आले. बिचाऱ्यांनी तार वाचलीच नव्हती; त्यांना वाटलं, सोयरिकीतलं दुःख आहे, जायला हवं. बायकोनं माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ चंद्रीच्या गळ्यात पडून रडायला लागली. तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. ही आता परत नांदायला येत नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"पावणं, काय पाजलंसा तिला?" सासऱ्यांनी विचारलं.

मी पुडीचा कागद पुढं केला. त्यांनी तीच जीप पिटाळून डॉक्टरांना आणवलं. डॉक्टरांनी फरशी बघितली, चंद्रीच्या पाठीवर थाप मारली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "ब्येस झालं. औषध लागू पडलं की."

"लागू? अहो, एवढं रक्त..."

"रक्त न्हाय, मास्तर. ह्या औषधानं लघवी हवा लागली की लाल होती. दोन दिवसांत जाईल. कालपासनं तेच सांगायचं ऱ्हायलंय."

मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो. लाज वगैरे नंतर वाटली, आधी नुसतं सुटलो सुटलो झालं. बायको डोळे पुसता पुसता हसायला लागली, सासरे तिच्यावर हसायला लागले, आणि माझा जीव भांड्यात पडला. साखरपुडा त्याच संध्याकाळी मलकापुरात पार पडला. मी गेलो नाही, गोठा धूत होतो.

सहा महिन्यांनी पुन्हा औषधाची वेळ आली. या खेपेला बायकोनं चंद्रीलाच दवाखान्यात चालवत नेलं, मी मागून. डॉक्टरांनी पुडी बांधली. मी हात जोडून, अगदी नम्रपणे विचारलं, "डॉक्टर, काही सूचना?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलंच नाही. चंद्रीच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "उद्या लाल होईल. दोन दिवस. भिऊ नकोस, आणि मास्तरास्नीबी सांग."

आणि तिनं, मध्ये एकदाही तोंड न घालता, सगळं ऐकून घेतलं.