तोंडातला दोरा

त्या कादंबऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. वर चित्रात काळा दगडी महाल, सगळ्या महालात एकाच खिडकीत दिवा, आणि खाली पांढऱ्या झग्यातली पोरगी अनवाणी पळत सुटलेली. का पळते, पायात काही का घालत नाही, असलं विचारायचं नाही. आत महालाचा मालक. कपाळाला आठी, तोंडाला कुलूप. त्याची पहिली बायको कशी मेली ते कुणी सांगत नाही आणि वरची एक खोली कुणी उघडत नाही. पोरगी बिचारी तिथे नोकरीला आलेली. तो तिच्याशी धड दोन शब्द बोलत नाही, नुसता टक लावून बघतो. आणि पुस्तक संपत आलं की खिडकीशी पाठमोरा उभा असलेला तो एकदाचा वळतो आणि बोलतो. असं बोलतो, असं बोलतो, की वाचणारीला पदर शोधावा लागतो.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून बाइंडरबाईनं अशी ढीगभर पुस्तकं शिवली. थोरामोठ्यांची चरित्रंही होती तिथे, पण ती आपली कोरीकरकरीत उभी. फाटून यायच्या त्या ह्याच. आणि गंमत म्हणजे सगळ्या एकाच जागी फाटायच्या. पुस्तक जिथे पुन्हा पुन्हा उघडतात तिथे त्याची पाठ मोडते, शिवण सुटते आणि पानांचा जुडगा बाहेर लोंबायला लागतो. ह्यांची पाठ मोडायची ती बरोबर तो खिडकीपासून वळतो तिथे. बाईनं पुस्तक हातात घेतलं की ते आपसूक त्याच पानावर उघडायचं. मग काय, सुई ओवायच्या आधी ते पान वाचणं आलंच.

"पानं क्रमानं लागलीत का बघत होते," ती म्हणायची.

"बघा, बघा. गेल्या आठवड्यातही हेच पान बघत होता," वाचनालयवाले काका चष्म्यावरून बघत म्हणायचे.

तिला महालाचं कौतुक नव्हतं. एवढा महाल झाडणार कोण, हा तिचा पहिला प्रश्न. तिला भुरळ घातली होती त्या गप्प माणसानं. त्याचं कारण तिच्या घरात होतं. तिचा बाप सकाळी उठल्यापासून बोलायचा. हे आणीन, ते करीन, तुला शिकवीन, आईला दवाखान्यात नेईन. आई गेली तेव्हाही तो बोलतच होता. त्यामुळे जो माणूस दोनशे पानं तोंड उघडत नाही आणि मग एकदाच बोलतो, तो खरंच बोलत असणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तिला तो एकच खरा शब्द हवा होता.

वाचनालयाची एक सभासद होती, कादंबऱ्यांची अशीच वेडी. पुस्तक बदलायला आली की दोघी त्या उमरावांची उणीदुणी काढत बसायच्या. एक दिवस ती आपल्या भावाला घेऊन आली. कापडाच्या गिरणीत विणकर होता तो. उंच, सावळा, कपाळाला आठी. येऊन खिडकीशी उभा राहिला तो राहिलाच.

"हा जरा अबोल आहे," बहीण घाईघाईनं म्हणाली. "पण मनानं सोनं आहे हो."

बाईनं विचारलं, "काय करता तुम्ही?" पाठमोरा तो हलला नाही. बहिणीनं कोपर मारलं तसा वळला. बाईनं पुन्हा विचारलं. तो तिच्या तोंडाकडे एकटक बघत राहिला आणि सावकाश म्हणाला, "मागावर असतो." एवढंच. डोळे मात्र तिच्या ओठांवरून हलेनात. बाईच्या हातातली खळीची वाटी कलंडली. असं बघणं तिनं फक्त पुस्तकात वाचलं होतं. झालं! लग्न ठरायला आणखी काय लागतं?

घर दोन खोल्यांचं. कुलूपबंद खोली काही तिथे नव्हती. मोरीची कडीसुद्धा धड लागत नव्हती. मग बाईनं ती खोली त्याच्या डोक्यात बांधली. तो हाक मारली तरी वळायचा नाही, दूध उतू जात असलं तरी शेजारी ढिम्म बसून राहायचा, दाराची कडी वाजली तर जागचा हलायचा नाही. तुम्ही म्हणाल, बाई काय आंधळी होती? आंधळी नव्हती, वाचलेली होती. दरेक गोष्टीचा खुलासा तिच्याकडे तयार होता. मनात दुःख कोंडलेल्या माणसाला दुधाचं काय! ती स्वतःच उठून गॅस बंद करायची आणि त्याच्याकडे असं काही कळवळून बघायची की तो बिचारा गोंधळून चहा मागायचा.

दुःख म्हटलं की त्यामागे दुसरी बाई आलीच. लग्नाआधीची कुणीतरी. हिनं तिला मनात उभी केली, गोरी केली, लांब केसांची केली, आणि शेवटी तापानं मारूनही टाकली. मेलेल्या सवतीशी भांडायचं कसं, ही एक पंचाईतच. पुरावाही मिळाला. त्याच्या मागाशेजारी काम करणारा जोडीदार सुट्टीच्या दिवशी घरी यायचा. दोघं गॅलरीत समोरासमोर बसायचे आणि बोलायचे. पण कसं? तोंडं नुसती हलायची, आवाज नाही! ही आतून कान टवकारून ऐकायची, तर शब्द येईल तर शपथ. इतकं लपवून दोन पुरुष कशाबद्दल बोलतात? त्या मेलेल्या सवतीबद्दलच.

संध्याकाळी बाई वाचनालयातलं काम घरी आणायची. टेबलाशी वाकून पानं शिवायची. सुई आतून बाहेर येईपर्यंत दोरा सैल पडू नये म्हणून त्याचं टोक ओठात दाबून धरायची तिची पद्धत. बोलायची तीही तशीच, दोरा न सोडता, मान खाली घालून, ओठांच्या फटीतून. काकांना सवय होती, त्यांना सगळं कळायचं. नवरा गिरणीतून आला की हातपाय धुऊन बरोबर तिच्या समोर खुर्ची ओढायचा, दिवा उचलून तिच्या बाजूला सरकवायचा आणि बघत बसायचा. दिवा असा डोळ्यांवर यायचा की तिची चिडचिड व्हायची. ह्यांना पेपर वाचताना उजेड डोळ्यांवर सहन होत नाही म्हणून माझ्या तोंडावर ढकलतात, असं तिला वाटायचं. पेपर तर तो कधी उघडायचाही नाही, पण रागात असं कोण बघतं?

मूलबाळ झालं नाही. एकदा, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, तिच्या हातात तीच पाठ मोडलेली कादंबरी आली. तेच पान उघडलं. तिनं वाचलं, आणि सुई चालवता चालवता, मान वर न करता, तिच्या तोंडून गेलं, "अहो, तुमचा माझ्यावर जीव आहे का हो?"

तिनं एक टाका घातला, दुसरा घातला. समोरून काही नाही. मग खुर्ची सरकली. आता वळतील, आता बोलतील! तो उठला, दिवा आणखी थोडा तिच्याकडे सरकवला आणि पुन्हा खुर्चीत बसला.

म्हणजे मुकाट काम कर, असंच ना? ती त्या दिवशी मोरीत नळ सोडून रडली. पुन्हा म्हणून तिनं विचारलं नाही. उलट बोलणंच कमी केलं. जेवायला चला, पाणी घ्या, एवढ्यापुरतं तोंड समोर करायची. एरवी घरात पाऊल टाकलं की दोरा ओठात. दोरा धरला की बोलावं लागत नाही, ही सोय तिला फार आवडायला लागली. आणि वाचायच्या मात्र त्याच. इतक्या वेळा वाचून कळू नये का, की खिडकीशी उभे राहणारे सगळे काही वळत नाहीत? कळत होतं. पण ती आशा सुटत नव्हती, त्याला कोण काय करणार?

गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्याची छाती भरायला लागली. शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. त्या खोलीत जायचं तर नाकातोंडावर पट्टी बांधूनच, असा नर्सचा दम होता. बाई रोज पट्टी बांधून त्याच्या उशाशी बसायची. तो फार वाळला होता. डोळे तेवढे तसेच होते, तिच्या तोंडावर लागलेले.

तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. ती वाकली आणि पट्टीआडून म्हणाली, "अहो, शेवटचं विचारते. तिच्याइतका नसू दे, पण थोडा तरी जीव होता का हो माझ्यावर?"

त्यानं हात उचलला. तो हात तिच्या तोंडाशी आला आणि पट्टी खाली ओढायला लागला. बाई घाबरली. "अहो, असं करू नका, नर्स ओरडेल," म्हणत तिनं त्याचा हात धरून खाली चादरीवर ठेवला. त्यानं पुन्हा उचलला. तिनं पुन्हा ठेवला, आणि तसाच दाबून धरला. मग त्यानं जोर करणं सोडून दिलं आणि मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

जोडीदार भेटायला आला तो सगळी गर्दी ओसरल्यावर. गॅलरीत न बसता आत येऊन तिच्या समोर बसला. बाई मोकळ्या टेबलाकडे बघत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "भावजी, एक विचारू?"

तो जरा जवळ सरकला. पुढे वाकून म्हणाला, "वहिनी, तोंड जरा वर करा. मला कळत नाही."

तिनं मान वर केली. "ती कोण होती?"

"कोण ती?"

"लग्नाआधीची. तुम्ही दोघं गॅलरीत बसून तिच्याबद्दलच बोलायचात ना? एवढं, आवाजसुद्धा न करता?"

जोडीदार आधी हसला. वेळकाळ विसरून मोठ्यानं हसला, आणि तिचा चेहरा बघून एकदम थांबला. "अहो वहिनी, कसली बाई घेऊन बसलात! आम्ही विणायच्या खात्यातली माणसं. तिथे मागांच्या खडखडाटात तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. आम्ही नुसते ओठ हलवतो, समोरचा ओठ बघून समजतो. पुढे पुढे कानही जातात, मग घरीही तसंच. मला अर्धंच येतं ऐकू. त्याचं तर लग्नाआधीच बरंच गेलं होतं."

"काय गेलं होतं?"

"कान. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

बाईनं नाही म्हणून मान हलवली.

"बहिणीनं दम दिला होता त्याला. सांगितलंस तर मुलगी हातची जाईल म्हणून. आणि नंतर मला म्हणायचा, आता कुठल्या तोंडानं सांगू? मी म्हटलं, अरे, बायको आहे, सांगून टाक. तर म्हणायचा, सांगून काय करू, तीच माझ्याशी बोलत नाही. रोज तिच्यासमोर बसतो, ओठ दिसावेत म्हणून दिवा जवळ नेतो, पण ती तोंडातला दोरा काही काढत नाही. तिचा माझ्यावर जीव नाही रे, म्हणायचा."

बाईनं टेबलाची कड घट्ट धरली. दवाखान्यातला तो हात तिला आठवला. दोनदा आला होता तो पट्टीपाशी, आणि दोन्ही वेळा तिनंच तो खाली दाबून ठेवला होता. तिच्या तोंडून असा आवाज निघाला की अर्ध्या कानाच्या जोडीदारालाही तो ऐकू आला. तो उठून पाणी घेऊन आला. तिनं ते घेतलं नाही.

पुढे ती कामावर जायला लागली. करणार काय, हात रिकामे राहिले की डोकं खायला उठायचं. काकांनी एका संध्याकाळी घरी न्यायला पुस्तक दिलं, नेमकं तसलंच. तिनं टेबलावर ठेवलं, ते आपलं त्याच पानावर उघडलं. तो खिडकीपासून वळला होता आणि घडाघडा बोलत होता. तिनं पुस्तक मिटलं.

समोर त्याची खुर्ची होती तशीच. सवयीनं तिनं दोरा ओवून ओठात धरला आणि एकदम तिच्या लक्षात आलं. टक लावून बघायचा तो ओठ वाचायला, हे खरं. पण दोरा धरलेल्या ओठांवर वाचण्यासारखं काय होतं? तरी रोज येऊन बसायचा, रोज बघायचा. वर्षानुवर्षं काय बघत होता तो माणूस?

तिनं दोरा तोंडातून काढला. दिवा उचलून स्वतःच्या बाजूला सरकवला, पदरानं तोंड पुसलं आणि मान वर केली.

"अहो," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "माझा जीव आहे हो तुमच्यावर."

मग, घाईत कदाचित नीट दिसलं नसेल, म्हणून ती तेच आणखी एकदा सावकाश म्हणाली.