कुंपणावरचा पावटा

मथुराबाईंना ‘कशा आहात?’ असं विचारलं, तर त्या स्वतःबद्दल काही सांगत नाहीत. “वांगं बरं हाय, पालकावर मावा पडलाय,” असं उत्तर येतं. आपल्याला काही होतं हेच त्या विसरल्यासारख्या वागतात.

लोणी काळभोरच्या शेतकरी घरातली ही बाई. नवरा बांधकामावर मुकादम होता. तो एचआयव्हीने गेला, तेव्हा तोच आजार मथुराबाईंनाही असल्याचं कळलं, आणि सासरच्यांनी त्यांना आजारासकट दाराबाहेर ठेवलं. त्या येरवड्याला आल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. गोळी चुकवत नाहीत, तब्येत ठणठणीत. “गोळी म्हंजी नांगरट,” त्या म्हणतात, “नुसतं नांगरून काय उगवतंय? पोटात कायतरी पेरावं लागतंय.”

हे पेरणं त्या अक्षरशः करतात. येरवड्यात एका संस्थेच्या इमारतीमागे पूर्वी लोक राडारोडा टाकत. तिथे आता हा आजार असलेल्यांच्या गटाची बाग आहे. मेथी, लाल माठ, शेवगा, वांगी. पिकेल ते वाटून घरी न्यायचं आणि गुरुवारी तिथेच सगळ्यांचं एक मोठं पातेलं चढवायचं. बाहेर नावाची पाटी नाही. येणारेजाणारे तिला नर्सरी समजतात, आणि त्यांना दुरुस्त करायला कुणी जात नाही.

दसऱ्याच्या सुमारास गटात शेफाली आली. पंचविशीतली, नुकताच आजार कळलेली. गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण वजन वर येईना, कारण ती जेवतच नव्हती. घरी आईने तिचं ताट वेगळं केलं होतं आणि अदलाबदल होऊ नये म्हणून कडेला नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. “त्या ठिपक्याकडे बघून घास उतरत नाही, मावशी,” ती म्हणाली. बागेत भाजी निवडायची, पण गुरुवारच्या पातेल्यापासून चार हात लांब बसायची. आपण हात लावला तर इतरांना चालेल का, ही धास्ती. इतरांनाही तोच आजार होता, तरीही!

“तुला आवडतं काय, ते तरी सांग.”

“भोगीची भाजी,” शेफालीने सुटका करून घेतली. संक्रांतीच्या आदल्या दिवसाला अजून तीन महिने होते.

मथुराबाईंनी त्याच आठवड्यात कुंपणाच्या कडेने पावटा टोकला. पावट्याशिवाय भोगीची भाजी म्हणजे नुसतं तिळाचं कूट.

वेल कुंपणावर चढला, शेंगा धरल्या आणि नाहीशा होऊ लागल्या. पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या खिशात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. ती देवाच्या फुलांसाठी असते, असा त्यांचा स्वतःचा समज आहे.

गटातला संजय पेंटर होता. फ्लेक्सने हात रिकामा केल्यापासून पाटी रंगवायला आसुसलेला. त्याने पाटी लावली: ‘फुले देवाची, भाजी माणसांची. आपण यांपैकी कोण, ते ठरवून हात लावावा.’ पुणेकरांना ती फार आवडली. फोटो निघाले, फिरले, लांबून लांबून लोक पाटी बघायला आले आणि जाताना शेवगा घेऊन गेले.

“सरळ खरं लिहू,” संजय वैतागला. “एचआयव्हीवाल्यांची बाग आहे म्हणून. उद्यापासून कोण पानालासुद्धा शिवणार नाही.”

शेफाली मेथी निवडत होती, ती नुसतीच काड्या मोडू लागली.

“आन मग ही कशी शिवंल?” मथुराबाई म्हणाल्या. “ठिपका बी तूच देणार व्हय?”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या वेलाआड बसल्या. कानटोपी घातलेले एक गृहस्थ आले. दीनानाथकाका, निवृत्त हेडक्लार्क. नारायण पेठ सोडून मुलाच्या फ्लॅटवर येरवड्याला राहायला आलेले आणि अजूनही ‘जरा पुण्यात जाऊन येतो’ म्हणणारे.

“काका, हात मागं घ्या.”

काका दचकले, पण पिशवी सोडली नाही. “शेंग कुंपणाबाहेर आली आहे. बाहेर आलेली वस्तू सार्वजनिक असते.”

“नाक बी बाहेर आलंय तुमचं. घिऊ का वढून?”

“कोणाची बाग आहे ही?” काकांनी तक्रारीचा सूर लावला.

“आमची. मला एचआयव्ही हाय. बाकीच्यांचं मी सांगायची न्हाई.”

काकांनी पिशवीकडे पाहिलं. “म्हणजे इतके दिवस मी ही भाजी...”

“खाल्ली. कशी हुती?”

“चांगली होती,” काका प्रामाणिकपणे म्हणाले.

“भाजीनं काय हुत न्हाई. माझं ऐकू नका, दवाखान्यात इचारा.”

काकांनी पिशवी कुंपणाला अडकवली आणि गेले. पुन्हा फिरकले नाहीत; मथुराबाईंच्या पहाऱ्यामुळे बाकीचेही थांबले. शेंगा वाचल्या, पण ती पिशवी लटकत राहिली, आणि शेफाली रोज तिच्याकडे बघायची. “बघितलंत, मावशी? पिशवीसुद्धा परत नेली नाही.” मथुराबाई आता पहाटे वेलाआड बसून कानटोपीची वाट बघू लागल्या. चोर येत नाही म्हणून झुरणारी बाई गटाने तेव्हा पहिल्यांदाच पाहिली.

भोगीला पातेलं चढलं. पावटा, हरभरा, गाजर, वांगं. फार आग्रह झाला तेव्हा शेफालीने तीळ तेवढे भाजून दिले आणि पुन्हा लांब जाऊन बसली. बाजरीच्या भाकरी होत आल्या, तोच फाटक वाजलं.

“माझी पिशवी राहिली आहे,” दीनानाथकाका म्हणाले. हातात बोरं होती. “दवाखान्यात विचारलं. डॉक्टर म्हणाले, खाण्याची चिंता करू नका, चोरीची करा.”

मथुराबाईंनी त्यांच्यापुढे ताटली धरली. शेफाली एकटक त्यांच्या हाताकडे बघत राहिली. काकांनी भाकरी मोडली, भाजीत बुडवली, सावकाश चावली.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले. “आणि तीळ कच्चे आहेत.”

“तीळ मी भाजलेत,” कोपऱ्यातून आवाज आला.

“मग पुढच्या वर्षी मंद आचेवर भाजा.”

“मंदच होती आच!” शेफाली तरातरा उठली, भाकरीचा तुकडा मोडला, थेट पातेल्यात बुडवला आणि तोंडात टाकला. “कुठे कच्चे आहेत? चांगले खमंग लागतायत!”

काका वाद घालायला सरसावले. मथुराबाईंनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं आणि पातेलं शेफालीकडे सरकवलं.

“येका घासात कसं कळंल, बाये? अजून येक घिऊन बघ.”