घळीतून माघारी

माझ्या सासऱ्यांचं गाव आता चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. गाव म्हणजे घरांची जोती, चार आंबे आणि घळीच्या पलीकडं देव. गाव उठलं तेव्हा देवाला कौल लावला, पण देव यायला तयार झाला नाही. माणसं सांगलीकडच्या वसाहतीत आली, देव तिथंच राहिला. मरायच्या आत त्याच्या पाया पडायचं, एवढंच सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या मामांचं, मागणं होतं.

मामांचे गुडघे गेलेले. गाडीत फार वेळ बसवायचं नाही. म्हणून कुपवाडच्या माझ्या वर्कशॉपात मी एक जुनी ट्रॅव्हलर आणली, मागच्या सीटा काढल्या, पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. खरं सांगायचं तर हौस माझीच होती. मोबाइलवर लोकांच्या असल्या गाड्या बघून डोक्यात भरलेली. मामांनी आत डोकावून म्हशी कुठं बांधायच्या म्हणून विचारलं. बायको पोट धरून हसली. मग परवानगी काढली, वाटाड्या ठरवला आणि निघालो.

गाडीरस्ता संपतो तिथं मुक्काम केला. त्या देवाला बायका जात नाहीत, त्यामुळं सकाळी बायको गाडीपाशीच थांबली. नारळ आणि नैवेद्याचा डबा माझ्या पिशवीत घालताना हळूच म्हणाली, "माझ्या आबांना मधनंच माघारी आणू नका."

पुढं वाटाड्या, मधे मामा, मागं मी. दोन्ही बाजूंना काळे कडे, पायाखाली ओले गोटे. इथं खेकडी धरायचो, इथं बैल घसरला होता, असं सांगत मामा काठी टेकत उतरत होते. तळाशी आल्यावर त्यांचा गुडघा अडकला. पडले नाहीत, नुसते बसले. उठता येईना. समोरची चढण चढली की देव. वाटाड्यानं देवाजवळचं वरचं झाड दाखवलं आणि वाट मोकळी करायला तो पुढं गेला.

मी त्यांच्याकडं पाठ करून वाकलो. म्हणालो, "मामा, बसा पाठीवर."

त्यांनी माझ्या खांद्यावर एक हात ठेवला. मग दुसराही ठेवला. म्हणाले, "न्हाई पावनं. जावयाच्या पाठीवर बसून देवाला कोन जातं व्हय?"

आता आमच्याकडं पहिलं 'न्हाई' हे न्हाई नसतंच. ताटावर हात आडवा धरला तरी वाढणारा वाढतो, आणि जो वाढत नाही त्याच्या घराला नावं ठेवतात. सासुरवाडीत मी वर्षानुवर्षं तसाच जेवलोय. मामांचे दोन्ही हात अजून माझ्या खांद्यांवर होते. मी फक्त आणखी एकदा 'बसा की' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "बरं."

माझी कंबर दुखते, चढण निसरडी होती, हे सगळं खरं. पण त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की सुटलो. खांद्यांवरचं ओझं अलगद उतरलं.

वाटाड्या परत आला, म्हणाला दोघं मिळून नेऊ. मामा नको म्हणाले, आणि ते नको खरं होतं. मग मी हातापाया पडलो. काही उपयोग झाला नाही. त्यांनी वरच्या झाडाकडं बघून हात जोडले, तिथल्याच दगडावर नारळ फोडला. येताना आम्ही दोघांनी त्यांना धरून, बसवत उठवत वर आणलं. जेवढं माघारी चढलो तेवढंच पुढं चढायचं होतं.

गाडीपाशी बायको वाट बघत होती. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "झालं बाई दर्शन. पावन्यांनी पाठीवर घिऊन नेलं."

तिचे डोळे भरून आले. खोबऱ्याचा पहिला तुकडा तिनं माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

वसाहतीतली माणसं देव बघून आलेल्या मामांच्या पाया पडायला येतात. जावई असावा तर असा, म्हणतात. मी खरं बोललो तर मामा खोटे पडतात, म्हणून चहाचा कप घेऊन गप्प बसतो. मामा भिंतीकडं बघत असतात.

आता ते खाटेवरून उठत नाहीत. परवा खोलीत कुणी नव्हतं. मी म्हणालो, परत जाऊ, चार माणसं घेऊ, डोलीतून नेतो.

"आता कशाला?" मामा म्हणाले. "जाऊन आलो की आपन."