क्वार्टर नंबर बारामधला नाग

तेव्हा मी लष्करात नायक होतो. पोस्टिंग बोरीवलीजवळ, जंगलाला लागून असलेल्या युनिटमध्ये. फॅमिली क्वार्टर्सच्या मागे तारेचं कुंपण, पलीकडे थेट जंगल. मी काश्मीरहून आलेलो. मुंबई म्हणजे आराम, असं वाटलं होतं.

इथे रोज सतरा तीसला कचऱ्याच्या डब्यांची झाकणं तपासायची. कचऱ्याला कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. अंधार पडायच्या आत मुलं घरात. ही शिस्त हवालदार भीमराव कांबळे यांनी लावलेली. ते नांदेडकडचे. साप पकडायला फॉरेस्टवाल्यांकडून रीतसर शिकलेले. दर आठवड्याला एखादा तरी साप निघायचाच. ते पकडून जंगलात सोडायचे.

एका रविवारी पंधरा चाळीसला क्वार्टर नंबर बारामधून कॉल आला. वॉशिंग मशीनमागे नाग. एका शिपायाची बायको दाराबाहेर उभी होती.

"भाऊ, बाळ आत झोपलंय."

खोलीकडे जायची वाट मशीनवरूनच होती. कांबळेंनी हुक आणि पिशवी घेतली.

"शिंदे, मशीन ओढ. हळू."

मी ओढलं. नाग फणा काढून बाहेर आला. त्यांनी हुकावर घेतला, पिशवीत सोडला, गाठ मारली. मग मनगट बघितलं.

"लागलं मला."

मी वॉकीटॉकीवर बोललो, "कंट्रोल, स्नेक बाइट. अँब्युलन्स क्वार्टर बाराला. ओव्हर."

"रॉजर. पाच मिनिटं."

मागून एक जवान काठी घेऊन आला. कांबळे खाली बसले होते. म्हणाले, "मारायचा नाही. सोडून या. ऑर्डर आहे."

सोळा पंचवीसला हॉस्पिटलमध्ये विषावरची लस सुरू झाली. डॉक्टरांनी काही बाकी ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला ते गेले.

इन्क्वायरीत मला विचारलं, मशीन झटक्यात ओढलं का? ऑर्डरप्रमाणे हळूच ओढलं, असं मी सांगितलं. ते खरं आहे. तरी अजून हातांना ते वजन आठवतं.

त्यांना गावी घेऊन मीच गेलो. बुद्धवंदना झाली, सलामी झाली. नंतर कांबळे वहिनींनी मला बाजूला बोलावलं.

"साप मारला का हो?"

"नाही वहिनी. सोडला. त्यांनी सांगितलं होतं."



"बरं केलंत," म्हणाल्या. "नाहीतर रागावले असते."