डावीकडे कलणारी बोट

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हा अनुभव येण्याआधी नव्हता, आता नाही, आणि हे वाचून कुणी कितीही पोथ्या उघडल्या तरी पुढेही बसणार नाही. सातपूरच्या एका कंपनीत माझी सगळी नोकरी मापं घेण्यात गेली. आलेला पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही ते बघायचं, नसेल तर सरळ रिजेक्ट. साहेबाचा फोन आला तरी रिजेक्ट. तेव्हा जे मापलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं.

गोष्ट २००६ ची. आमचं मूळ घर निफाड तालुक्यात, मळ्यात. तिथे मोठा भाऊ, म्हणजे दादा, द्राक्षबाग बघतो. त्याच्याकडेच आमची अक्का, कमल, राहते. दादाहून लहान, माझ्याहून मोठी. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचे दोन्ही पाय गेले. लग्न झालं नाही. सीझनमध्ये शेडमध्ये बसून द्राक्षाच्या घडातले खराब मणी कात्रीने काढायची, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी घरात कुठे जायचं ठरलं की प्रश्न ठरलेला... "कमलचं काय करायचं?"

त्या वर्षी जानेवारीत ती दवाखान्याच्या कामासाठी नाशिकला माझ्याकडे आली होती. परत जाताना म्हटलं, चल, तुला एक धरण दाखवतो. तिथे बोटिंग चालू होतं. बोटवाल्याने तिच्या पायांकडे पाहिलं आणि तिच्याशी न बोलता मला म्हणाला, "यांना नको साहेब. उगाच रिस्क." मी भांडलो, आवाज चढवला, चार माणसं जमा केली... पण तो काही बधला नाही. गाडीत बसल्यावर अक्का म्हणाली, "पान्यात तर कुनाचेच पाय टेकत नाय. मग तिथं मी काय कमी हाय रे बाळ्या?"

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "अक्का, तुझ्यासाठी बोट आणतो."

"आन," ती म्हणाली.

महिनाभरात अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात मला ती दिसली. बारा फुटी फायबरची मोटरबोट, उलटी टाकलेली, वर दोन कुत्री झोपलेली. शेजारी गंजलेलं इंजिन. कुठून आली विचारलं तर भंगारवाला म्हणाला, "लॉट में आया है, हमको क्या मालूम. लेना है तो बोलो." घेतली. जन्मात होडीत पाय न ठेवलेला माणूस बोटीचा मालक झाला! टेम्पोतून मळ्यात उतरवली तेव्हा दादाने सगळीकडून फिरून पाहिलं आणि विचारलं, "गुरांना पानी पाजायला आनली का?"

शनिवारी आमच्याकडे एमआयडीसी बंद. दर शनिवारी मी निफाडला. ग्राइंडरने जुना रंग काढला तर फायबरमधल्या काचेची भुकटी अंगात अशी शिरली की आठवडाभर कंपनीत खाजवत फिरलो. मागच्या बाजूला तळाशी अंगठ्याएवढं भोक सापडलं. म्हटलं, अरे वा, इथूनच गळत असणार! काचेच्या धाग्यांची मॅट लावली, वर चिकट रेझिन ओतलं, पक्कं बुजवलं आणि दिवसभर मिशीत हसत होतो. पुढे इंजिन बघायला आलेल्या मेकॅनिकने सांगितलं की आत साचलेलं पाणी काढायला ते भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं, त्याला बूच असतं. पुन्हा ड्रिल मारलं. मग बोट तरंगावी म्हणून आतल्या तळाखाली थर्माकोल भरला आणि वर रेझिन टाकलं... डोळ्यांदेखत सगळा थर्माकोल विरघळून चिकट लगदा झाला.

एप्रिलच्या उन्हात मगमध्ये रेझिन घट्ट करणारं हार्डनर जास्त पडलं. मगातून धूर निघाला आणि ब्रश आतच दगडासारखा घट्ट बसला. अक्का खुर्चीत बसून पोट धरून हसली. मग म्हणाली, "सरक. तुला सैपाकातलं मीठ तरी कळतं का?" त्या दिवसापासून रेझिन कालवायचं काम तिचं. मॅट कापायचीसुद्धा तीच, तिच्याच कात्रीने. थर्माकोलच्या जागी फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन धुऊन, बूच लावून तळाखाली बसवायची कल्पनाही तिचीच. पुढे दोन सीट, मागे आडवी फळी, निळा रंग. फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करणाऱ्या त्या मेकॅनिकने इंजिन खोललं, जोडलं आणि पाण्याच्या लोखंडी पिंपात उभं करून चालू केलं. पिंपातलं निम्मं पाणी आमच्या अंगावर! बागेतल्या बाया काम सोडून बघायला आल्या.

पाण्यात सोडायची कुठे? दादाने नुकतंच शेततळं केलं होतं. कोरं करकरीत, प्लास्टिकचा काळा कागद अंथरलेलं. दादाला एकच काळजी, "कागद फाडला तर तुला तळ्यात बुडवीन." मला वेगळी काळजी होती. त्या कागदावर पाय ठरत नाही, पडलेला धडधाकट माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. अक्काला तर ते शक्यच नाही. म्हणून चारी बाजूंनी दोर सोडले, ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधल्या, आणि ठरवलं की मी स्वतः खात्री करेपर्यंत तिला बोटीत बसवायचं नाही.

ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर, लख्ख उन्हात, गोणपाटांवरून सरकवत आम्ही बोट पाण्यात सोडली. तरंगली! मी ओरडलो. आणि मग नीट पाहिलं.

बोट डावीकडे कललेली होती. थोडीथोडकी नाही, पुढच्या डाव्या सीटवर कुणी भरल्या अंगाचा माणूस बसल्यावर कलेल तेवढी.

हा डिफेक्ट माझा, हे मी लगेच मान्य केलं. बाहेर काढली. द्राक्षं मोजायच्या काट्यावर एकेक बाजू ठेवून वजन केलं, दोन्ही बाजू सारख्या. बूच काढलं, थेंब नाही. शेवटी छातीवर दगड ठेवून आतला तळ कापला आणि सगळे कॅन बाहेर काढले. सगळे कोरडे, सगळे रिकामे. पुन्हा बसवले, मॅट मारली. जमिनीवर लेव्हल लावली की बुडबुडा बरोबर मध्ये. पाण्यात सोडली की डावीकडे. वारा नाही, दोर ढिले, सीट रिकामी.

एका शनिवारी मी एकटाच आत उतरलो आणि उजव्या सीटवर बसलो. बोट सरळ झाली. होणारच, माझं वजन तिकडे. मग डाव्या सीटवर सरकलो, म्हणजे आता ती डावीकडे चांगलीच झुकायला हवी. झुकली... आणि क्षणभराने सावकाश सरळ झाली. मी एकटा डावीकडे, उजवी सीट रिकामी, आणि बोट सरळ! परत उजवीकडे गेलो, परत तेच. आपण बाकावर बसलो की शेजारचा सरकून घेतो ना, तसं. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. त्याहून जास्त राग आला. माझ्या बोटीत, मला न विचारता?

मी बाहेर आलो आणि बोट पुन्हा डावीकडे कलली.

दादा बांधावरून सगळं बघत होता. "कुनीतरी बुडालेलं हाय त्या बोटीतलं," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी भगताला आनतो. तो उतारा करून त्याला काढून देईल. तवर कमलला तळ्याच्या जवळ बी आनायची नाय. तरी कललेलीच ऱ्हायली तर बोट भंगारात." मी म्हटलं, बोट माझी आहे. तो म्हणाला, बहीण दोघांची हाय.

शनिवारी दादा मोटारसायकलवर भगताला आणायला गेला. अक्काने मला शेडमध्ये हाक मारली. नवी साडी, केसांत शेवंती. "उचल मला."

"अक्का, पलटली तर..."

"इतके महिने रेझिन कुनी कालवलं? उचल म्हनते ना."

मी तिला उचललं. कमरेला ट्यूब बांधली. उजव्या सीटवर बसवणार, तर म्हणाली, "नाय. तिथं. त्याच्याच जागेवर." डाव्या, कललेल्या बाजूच्या सीटवर तिला ठेवली. पाणी बोटीच्या काठाला लागलं. मी बांधावर दोर घट्ट धरून उभा. आणि बोट... हळूच सरळ झाली.

अक्काने उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. "सरकलं बघ," एवढंच म्हणाली.

मी मागे बसून इंजिन चालू केलं. पहिल्या फेरीत ती नुसती पाण्यात हात घालून होती. दुसऱ्या फेरीत म्हणाली, मला दे. तिला मागे घेतलं, हँडल तिच्या हातात. त्या हातांना ताकदीची काय कमी! तेवढ्यात बांधावर दादा आणि भगत येऊन उभे राहिले. भगताच्या हातात लिंबं, नारळ, पिशवी. दादा ओरडला, "कमल! बाहेर ये! त्यांना त्यांचं काम करू दे!"

अक्काने इंजिन बंद केलं. तळ्याच्या मधोमध बोट स्थिर. तिचा आवाज एरवी शेडबाहेर जात नाही. त्या दिवशी बांधापर्यंत गेला.

"दादा, एष्टीत म्हनले सरक. लग्नात म्हनले कोपऱ्यात सरक. घरात पाव्हने आले की मला आतल्या खोलीत सरकवलं. आख्ख्या आयुष्यात माझ्यासाठी कुनी स्वता सरकलं नाय. ह्ये सरकलं. त्येला कुनी काढायचं नाय. काढायचंच असंल तर आधी मला काढा."

दादाने मान खाली घातली. भगताने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. शेवटी तो चहा पिऊन गेला. नारळ मात्र ठेवून गेला, त्याची चटणी केली.

भंगारवाल्याला मी तीनदा भेटलो. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. फायबरचं काम करणाऱ्या दोघांना बोट दाखवली. त्यांनी टकटक करून पाहिलं आणि हवेचा दाब वगैरे बोलून निघून गेले. मला आजपर्यंत कारण सापडलेलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून मी गंडा-ताईतही बांधणार नाही. माहीत नाही म्हणजे माहीत नाही, एवढंच लिहायचं. रिजेक्टचा शिक्का मात्र मी मारणार नाही.

बोट अजून तळ्यात आहे, अजून डावीकडे कललेली. शनिवारी अक्का चालवते. मी गेलो नाही तर तिला उचलून बसवायला दादा येतो, आणि तिला डाव्या सीटवर ठेवण्याआधी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, हळूच म्हणतो, "कमल आली हाय. जरा सरका."